तारभाऊंचं मातीचं पोतं

कापसाच्या जिनिंगमधून आल्यावर तारभाऊ आधी जमिनीला पाणी पाजत आणि मग स्वतः पीत. अकोल्यात मोर्णा नदीच्या बाजूला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. मागच्या अंगणात खड्डा करून त्यांनी तांब्याचा पत्रा पुरला होता आणि त्याची तार खिडकीतून आत, रेडिओला जोडली होती. खड्ड्यात रोज एक तांब्या पाणी ओतायचं, ते जिरताना उभ्यानं पाहायचं आणि म्हणायचं, "पेली. आता बोलन."

तारभाऊंना ओळखणारे जे थोडे उरले असतील त्यांना हे आठवेल. मातीचोराची गोष्टही आठवेल. ती गोष्ट खोटी आहे. ती ऐकून मी कितीदा हसलो त्याची मोजदाद नाही. आता माझं वय झालं, म्हणून लिहिता येतंय तोवर खरं काय ते लिहून ठेवतो.

तारभाऊ बसलेले मी क्वचितच पाहिले. जिनिंगमध्ये जळलेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं त्यांचं काम. म्हणून ते नाव. घरी आले तरी तेच. भाकरी हातात, चटणी भाकरीवर, आणि खोलीभर फेऱ्या. "बसलं का हात झोपते," म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, "यायच्या पायात भवरा हाय. लग्नातबी बोहल्यावर हे हलूनच राह्यले होते."

शिक्षण चौथी. पण मोडक्या सेटांतले भाग जमवून त्यांनी एका व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या एकाच नळीवर चालणारा, रेडिओ बांधला होता. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात शिकत होतो आणि सुट्टीत अकोल्याला आलो की त्यांच्याकडेच पडीक असे. मला वाटायचं, करामत त्या व्हॉल्व्हची. ते मान हलवत. "अर्धा रेडिओ हवेत राह्यते बापू, अन् अर्धा जमिनीत. लोकं सारे वरतीच पाह्यतात, एरियलच्या तारीकडे. खाली कोनी पाह्यत नाही."

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. आमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी उन्हाळ्यात चिखलदऱ्याला हौशी रेडिओवाल्यांचं शिबिर ठरवलं. तीन दिवस तंबूत राहायचं, आपापले हातानं बनवलेले सेट उघड्यावर लावून दाखवायचे. मी तारभाऊंबद्दल सरांना सांगितलं. सर म्हणाले, "घेऊन या त्यांना. प्रयोगशाळेत मेकॅनिकची जागा भरायची आहे. कागद नसले तरी चालेल, मला त्यांचं काम पाहायचंय. त्या सेटवर पहाडावर नागपूर केंद्र स्वच्छ लागलं, तर मी त्यांच्यासाठी शब्द टाकीन."

हे ऐकल्यापासून तारभाऊंचं उभं राहणंही संपलं. ते नुसते चालू लागले. सेट रोज उघडायचा, पुसायचा, परत बंद करायचा. पहाडावर जमीन कशी आहे हे तिकडून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला विचारून झालं. उत्तर एकच, मुरूम आणि खडक. चार दिवस ते बेचैन होते. पाचव्या दिवशी मी गेलो तर ते नदीकाठची काळी माती चाळणीनं चाळत होते.

"हे काय तारभाऊ?"

"खडक पानी धरत नाही. आपली माती धरते. तिथं खड्डा करू अन् अकोल्याची जमीन त्यात भरू. कावून, नाही चालत?"

मातीत त्यांनी जाडं मीठ आणि कोळशाची पूड कालवली, पोत्यात भरली, पाणी शिंपडून वर ओलं गोणपाट बांधलं. वहिनी दारातून म्हणाल्या, "लोकं पहाडावर हवा खायले जातात. हे माती नेऊन राह्यले!"

"तू हास. नोकरी लागली का अमरावतीले नेतो तुले. मग हासजो."

अकोल्याहून मूर्तिजापूर, तिथून शकुंतला या छोट्या रेल्वेनं अचलपूर आणि पुढे मोटारीनं पहाड असा रस्ता होता. शिबिराचं सामान शकुंतलेच्या शेवटच्या डब्यातून जाऊन अचलपूरला परस्पर ट्रकवर चढणार होतं. त्यासाठी अमरावतीची मुलंही बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला आली होती. तारभाऊ सेटची पेटी छातीशी धरून जागा पकडायला पुढे पळाले. जाताना म्हणाले, "बापू, पोतं तेवढं सामानाच्या डब्यात चढव. पेटीपरीस ते जप."

पोतं फलाटावरच्या नळाजवळ टेकवलं होतं. त्यातून काळं पाणी पाझरत होतं. माझ्या अंगावर नवी कोरी पांढरी पँट होती. वर्गातले तिघे समोर उभे. एकानं विचारलं, "काय रे, पहाडावर पेरणी हाय का?" दुसरा म्हणाला, "मिस्त्रीनं तुले हमाल केलं वाटते." सगळे हसले. मीही हसलो. पोत्याकडे पाठ केली आणि त्यांच्याबरोबर डब्यात चढलो.

गाडी हलल्यावर तारभाऊंनी विचारलं, "चढवलं?"

"हो."

चिखलदऱ्याला ट्रक रिकामा झाला तेव्हा त्यांनी प्रत्येक बोचकं उलटंपालटं केलं. मी म्हणालो, "चोरीला गेलं असेल." ते माझ्याकडे पाहत राहिले. "माती?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर येणार होते. तारभाऊंनी पहाटेपासून पहारीनं मुरूम फोडला. पत्रा पुरला, मीठ टाकलं, विहिरीवरून घागरीमागून घागरी आणून ओतल्या. पाणी घोटभरही थांबेना. तार काढायची, दुसरीकडे खड्डा करायचा, पुन्हा विहीर. असे पाच खड्डे झाले. सरांनी कानाला हेडफोन लावला, पुष्कळ वेळ ऐकलं. दूरवर माणसाचा आवाज असावा असं वाटे, पण वर नुसती खरखर. "मेहनत दिसते आहे तुमची," ते म्हणाले आणि पुढच्या तंबूकडे गेले. मी चार हातांवर उभा होतो. सरांच्या मागे दोन पावलं टाकून एक वाक्य बोललो असतो, तर त्यांनी आणखी एक संधी दिलीही असती. मी बोललो नाही.

मेकॅनिकची जागा दुसऱ्याला मिळाली. अकोल्याला दारातच वहिनींनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडण्याआधी तारभाऊ म्हणाले, "काय होते? चोरानं घात केला. असा चोर पाह्यला नाही म्या, लोकायच्या ट्रंका सोडल्या अन् माती घेऊन पयाला!" वहिनी हसल्या. मग जिनिंगमध्ये हसले, चहाच्या टपरीवर हसले. पुढं लोक त्यांना रस्त्यात अडवून विचारत, "तारभाऊ, सापडला का मातीचोर?" ते हात नाचवून पहिल्यापासून सांगत. मी समोर असलो तरी सांगत, आणि तेवढा वेळ माझ्याकडे पाहत नसत.

डोळे अधू होईपर्यंत त्यांनी जिनिंगमध्येच मोटारी गुंडाळल्या. मी मास्तर झालो. खडकाळ जमिनीत काळी माती, मीठ आणि कोळसा भरून अर्थिंग कसं करायचं हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. ते कुणाकडून शिकलो ते एकदाही सांगितलं नाही. ते गेले तेव्हा मी अकोल्यात नव्हतो. मागच्या महिन्यात त्यांच्या नातीच्या लग्नात तारभाऊंच्या मुलानं पाहुण्यांना तीच गोष्ट रंगवून सांगितली. सवयीनं मीही हसलो. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

चोर नव्हता, आणि हे तारभाऊंना ठाऊक होतं. परतताना मूर्तिजापूरला उतरलो, तर पोतं नळाजवळ ठेवलं होतं तसंच होतं. तोंडही बांधलेलं. तारभाऊ वाकले, गोणपाटावर हात ठेवला. नळ थेंबथेंब गळत होता, त्याच्या शिंतोड्यांनी पोतं भिजलेलं होतं.

"ओलीच हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं पुढे होऊन पोत्याला हात घालू लागलो.

"राहू दे बापू. कपडे खराब होतीन तुये."

आवाजात राग नव्हता. त्यांनी एकट्यानं पोतं उचललं, फलाटाच्या टोकाशी एक कोवळा कडुनिंब होता त्याच्या बुडाशी रिकामं केलं, आणि अकोल्याची गाडी येईपर्यंत नळ ते झाड अशा फेऱ्या घालत ओंजळीनं त्या मातीला पाणी पाजत राहिले.