राजहंसाचा बंदोबस्त

कालव्यावरचा गोरा साहेब बदली होऊन जाताना आपला राजहंस आमच्या गळ्यात घालून गेला. तेव्हापासून परसात त्याचंच राज्य. कोंबड्या उपाशी छपरावर आणि मी तांब्या घेऊन दारातच अडकलेला.

एके दिवशी इंदापूरच्या बाजाराला अंडी नेणारी एक बाई आमच्याकडची अंडी घ्यायला आली. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावरची टोपली न हलवता ती थेट राजहंसावर चालून गेली, पंख दाबून तिनं त्याला काखोटीला मारलं आणि निवांत अंडी निवडू लागली.

"तात्या, पळू नगा. पळंल त्याला ह्यो कोंबडी समजतोय."

कोंबड्या खाली उतरून दाणे टिपू लागल्या. जाताना तिनं राजहंस माझ्या काखेत दिला. तो निमूट राहिला. मी मिशीवरून हात फिरवला. मग लक्षात आलं, याला खाली कसं ठेवायचं ते विचारलंच नाही!

"अहो बाई, थांबा!" म्हणत मी राजहंसासकट इंदापूरच्या रस्त्यानं पळत सुटलो.