दुखवट्यातलं जॅझ

मी जॅझ रचतो, आणि तेही असं की त्यात ताल शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत येतो. आमच्या शहरात या कामाला कुणी काम म्हणत नाही. माझे वडील, अण्णा, क्रांती चौकातल्या एका बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवायचे. माझी पहिली रचना ऐकून ते म्हणाले, "लेका, ह्याच्यावर वरात एक पाऊल बी पुढं सरकायची नाय."

मग त्यांची फुप्फुसं गेली. क्लॅरिनेट तोंडाला लावलं की नुसता श्वास यायचा, सूर नाही. मी तो श्वासच रेकॉर्ड केला, त्याभोवती सॅक्सोफोन वाजवला आणि अकरा मिनिटांची रचना केली. रेडिओ केंद्राचे उंबरे झिजवल्यावर ती एकदाची, भर दुपारी लागली. लगेच केंद्रात फोन सुरू झाले : कोण गेलं? रेडिओवर असं संथ काही लागतं ते मोठा माणूस गेल्यावरच, हे लोकांना पाठ. तिथले अधिकारी हुशार निघाले. त्यांनी माझी रचना दुखवट्याच्या धुनांमध्ये टाकून दिली.

तेव्हापासून कुणी मोठं गेलं की मी वाजतो. आधी अपमान वाटला, मग सवय झाली. पुढं पुढं तर, सांगायची लाज वाटते, कुणी पुढारी अत्यवस्थ असल्याची बातमी आली की मी रेडिओजवळून हलेनासा झालो. अण्णांनी ते ओळखलं.

"मी गेल्यावर लावतील का रं तुझं ते?" त्यांनी एकदा विचारलं.

"त्यासाठी मंत्री व्हावं लागतं, अण्णा."

आम्ही दोघंही हसलो. ते जरा जास्तच हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. गारखेड्यातल्या आमच्या घरासमोर तिरडी बांधून झाली होती. चौघं त्यांना उचलायला वाकले. शेजारच्या दुकानात टेलरचाचांचा रेडिओ चालूच राहिला होता. चाचांनी ओशाळून बंद करायला हात पुढं केला, आणि त्याआधीच गाणं थांबलं.

मग श्वास आला. ओलसर, लांब, अण्णांचा. सगळ्यांनी एकदम खाली त्यांच्याकडं पाहिलं. चेहरा तसाच होता. दुकानातल्या रेडिओतून श्वास आत जात होता, बाहेर येत होता. दिल्लीत कुणी मोठं माणूस त्या सकाळी गेलं होतं, हे मला नंतर कळलं.

"थांबा, उचलू नका," आई म्हणाली. "त्यांचं चालू हाय अजून."

कुणी हललं नाही. असे कानात प्राण आणून ऐकणारे श्रोते मला पहिल्यांदाच मिळाले होते, आणि हे लवकर संपू दे म्हणून मी देवाला विनवत होतो.

रचनेच्या शेवटी अण्णा श्वास आत घेतात. पुढचं मी कापलं होतं. तेव्हा मला ते फार कलात्मक वाटलं होतं. रेडिओ गप्प झाला. आई तो श्वास बाहेर यायची वाट बघत बसली.