बोंबलाचा धूर
सुके बोंबील भाजल्याचा वास आला की आखातातल्या अल नहदा वस्तीतली एक संध्याकाळ आठवते. रत्नागिरीहून नुकत्याच आलेल्या शेजारणीने, मुसफ्फाच्या कामगार कॅम्पातून सुटीला येणाऱ्या नवऱ्यासाठी बोंबील भाजले. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवल्या. धुराने अलार्म वाजला आणि अख्खी इमारत रस्त्यावर उतरली. ती पासपोर्टांची पिशवी छातीशी धरून उभी होती. तेवढ्यात नवरा कंपनीच्या बसमधून उतरला. “आग कुठंय?” “तव्यावर,” ती म्हणाली आणि वॉचमनकडे वळली. “भाईजान, घर से निकालेंगे तो नहीं?” “इन्शाल्ला, नहीं भाभी.” ती मला हळूच म्हणाली, “अल्लावर भरवसा आहे हो, मालकाचं काय?” त्यांचं घर टिकलं. मी आजही भाड्यानेच राहतो. करार संपत आला की मालकाचा फोन येईपर्यंत झोप लागत नाही.