खाणीचा लेयर

“खाणीचा लेयर बंद करा,” मोठे साहेब म्हणाले. कॉम्प्युटरवरच्या मॅडमनी बटण दाबलं आणि आमच्या डोंगरावरची चिरेखाण पडद्यावरून गेली. डोंगरावर ती होतीच.

मी तेव्हा सरपंच. शिक्षण चौथी. मागे लागून लागून मीच हा दरडीचा सर्व्हे करून घेतला होता.

जीआयएस म्हणजे काय ते मॅडमनी मला आधी समजावलं होतं. एका नकाशावर उतार, दुसऱ्यावर माती, तिसऱ्यावर ओढे, चौथ्यावर घरं, पाचव्यावर खाण. ते कॉम्प्युटरमध्ये एकावर एक ठेवायचे. प्रत्येक थर म्हणजे एक लेयर. सगळं मिळून जिथे धोका, तिथे लाल. आमची खालची वाडी लाल होती. खाणीच्या खड्ड्यांत पाणी साठतं, झिरपतं, चिऱ्याखालची माती भिजून सरकते. उपाय: खाण बंद करावी. मला हेच हवं होतं.

“खाणीचा लेयर का बंद केलात?” मी विचारलं.

“नैसर्गिक धोक्यांचा नकाशा मागितलाय, सरपंचबाई. खाण नैसर्गिक आहे का?”

“नाही. माणसानं खणलीय.”

“तेच म्हणतोय मी. मग ती यात येत नाही.”

मॅडम खाली बघत होत्या. खाण काढूनही वाडी लालच राहिली, कारण उतार तर होताच. फक्त उपाय बदलला. आता वाडी हलवायची होती.

ग्रामसभेत मी खाणीचं बोलले. खाणमालक पुढेच बसलेला.

“नकाशात दाखवा की,” तो म्हणाला. लोक हसले.

वाडीतले सीतारामतात्या उठले. “गो बाय, आमच्यासाठी भांडायला गेलीस नि आमालाच उठवून आलीस?”



वाडी पलीकडच्या सड्यावर गेली. उघडा माळ, नुसता कातळ. विहीर नाही, सावली नाही. पुढच्या पावसाळ्यात दरड आली ती रिकाम्या घरांवर. तात्यांच्या पडवीत चिखल छपरापर्यंत चढला होता.

मोठे साहेब बघायला आले. “पाहिलंत? किती जीव वाचले!”

खोटं नव्हतं. माणसं वाचली. खाणही वाचली. मालकानं चिखल उपसला आणि वाडीतूनच ट्रकचा रस्ता काढला.

आता कोणी नकाशा घेऊन आला, की मी लाल काय ते बघत नाही. बंद काय केलंय ते आधी विचारते. बहुतेक जण चहा न घेताच उठतात.