तेवीस नंबरचा प्रवासी

वारज्याच्या बापूरावांना सिनेमात घेतलं ते त्यांच्या मिशीमुळे, अभिनयामुळे नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मोटारींच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला अभिनय कुठून येणार? मिशी मात्र बघत राहावी अशी होती. पांढरीशुभ्र, दोन्ही टोकांना वर वळलेली, आणि डोक्यावर तसेच दाट पांढरे केस. चौसष्टाव्या वर्षी गावातल्या निम्म्या लोकांच्या टोपीखाली झाकायला काही उरलेलं नसतं, तिथे बापूराव टोपी मुद्दाम खिशात ठेवून हिंडायचे. आयुष्यात एवढी एकच चैन त्यांनी केली.

झालं असं, की पुतण्या विश्वजीतने कालव्याजवळची शेड सिनेमावाल्यांना भाड्याने दिली. त्यांनी आत प्लायवूडचा रेल्वेचा डबा उभा केला. बाकं खरी, खिडक्यांचे गज खरे, पंखेसुद्धा खरे. फक्त चाकं नव्हती. डब्याखाली ट्रकच्या ट्यूबा फुगवून ठेवल्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी चार-चार गडी दांडकी लावून डबा हलवायचे. खिडक्यांबाहेर हिरवं कापड. गाडी पुणे-नागपूर, सिनेमाचं नाव ‘सरकून बसा’. त्यात अख्खं वऱ्हाड निघालं होतं. पळून आलेला नवरदेव लुगडं नेसून बाकाखाली लपला होता, संडासात बकरी कोंडली होती, आणि कुणाची तरी कवळी दुसऱ्याच्याच चहात पडत होती. बापूरावांच्या सदाशिव पेठेतल्या व्याह्यांनी कथा शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "अच्छा. म्हणजे आम्ही येऊ नये असा."

पहिल्या दिवशी बापूराव नुसते बघायला म्हणून शेडच्या दारात उभे होते. शेफाली नावाची सहायक दिग्दर्शिका हातात कागदांची चळत घेऊन जाता जाता थांबली. तिने आधी मिशी पाहिली, मग माणूस.

"काका, तुम्ही पुढचे पंचवीस दिवस फ्री आहात का?"

"पुढची पंचवीस वर्षं फ्री हाय. रिटायर झालोय."

"मग तेवीस नंबर तुमचा."

तेवीस नंबर म्हणजे खिडकीशेजारची एकट्याची खालची जागा. कॅमेरा कुठूनही फिरवा, तेवीस नंबर त्यात येणारच. काम सोपं होतं. डबा हलला की हलायचं, बाकीचे हसले की हसायचं, सांगितलं की डोळे मिटायचे. अट एकच. सिनेमातली गोष्ट एकाच रात्रीत घडत होती आणि शूटिंग मात्र पंचवीस दिवस, तेही भर दिवसा, शेडचे दरवाजे लावून. त्यामुळे पहिल्या दिवशी जे जसं होतं, ते शेवटच्या दिवशी तसंच दिसायला हवं. चहाच्या कपाचा कान कुठल्या बाजूला, शर्टाचं कितवं बटण उघडं, सगळ्याचे फोटो शेफालीच्या मोबाइलमध्ये. रोज सकाळी ती बापूरावांच्या मिशीची टोकं फोटोशी ताडून पाहायची. उजवं टोक जरा खाली दिसलं तर स्वतः वर करायची. कौसल्याबाईंनी लग्नाच्या चाळीस वर्षांत त्या मिशीकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं.

बापूरावांनी हे काम घेतलं ते थोरल्या भावासाठी. वडील गेले तेव्हा बापूराव सहा वर्षांचे होते आणि गेनबा सोळाचे. गेनबांनी शेती ओढली, धाकट्याला शिकवलं, कारखान्यात चिकटवला. पुढे जमिनीला शहराचा भाव आला, घरावर चार मजले चढले, तरी त्यांनी भावाला कधी वाटणीत दुजं धरलं नाही. गेनबांना नाद एकच, विनोदी सिनेमा. तोही आचरट. जत्रेतल्या तंबूत धाकट्याला खांद्यावर घेऊन ते असले सिनेमे बघायचे आणि इतके हसायचे, की खांद्यावरच्या पोराला पडद्यापेक्षा खालचं हेलकावणंच जास्त लक्षात राहायचं. आता ते वर्षभर अंथरुणाला खिळले होते. छातीत पाणी होत होतं. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं.

रोज संध्याकाळी शूटिंग सुटलं की बापूराव दादांच्या खाटेशी जायचे आणि दिवसभराचा सीन करून दाखवायचे. बकरीही तेच, नवरदेवही तेच. हसता हसता गेनबांना ढास लागायची, मुक्तावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावायच्या आणि दोघांनाही बोल लावायच्या.

"तिथं लोक हसत्यात का रं, बापू?" गेनबांनी एकदा विचारलं.

"तिथं कोण हसतंय दादा. ज्यो त्यो आपल्या कामाला."

"थेटरात हसतील. त्येच ऐकायचंय मला. तू गाडीत बसलायस आन् समदं थेटर खदखदतंय." जरा दम खाऊन ते पुढे म्हणाले, "आन् ऐक. मी असंन, नसंन. तू गाडीतनं मधीच उतरायचं न्हाई. मिशीला हात लावायचा न्हाई."

"कायतरीच बोलू नगा," बापूराव म्हणाले आणि त्यांनी बकरीचा सीन पुन्हा सुरू केला.

चौदाव्या दिवशी बकरी संडासातून सुटून वऱ्हाडात शिरण्याचा सीन चालू होता. सगळ्या डब्याने पोट धरून हसायचं होतं आणि बापूराव छान हसत होते. हसता हसता त्यांना कॅमेऱ्याच्या मागे विश्वजीत दिसला. तो हात जोडून उभा होता. शॉट चालू असताना बोलायचं नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो काहीच बोलत नव्हता. बापूरावांना कळायचं ते कळलं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणेपर्यंत ते हसत राहिले, कारण आपल्यामुळे तीस माणसांचं काम वाया जाऊ नये, हे कारखान्यात अंगी मुरलेलं होतं. मग उठले, चपला घातल्या आणि पुतण्याचा हात धरून घरी गेले.

सिनेमावाली माणसं भली होती. त्यांनी संडासातले, बाकाखालचे, म्हणजे तेवीस नंबर दिसणार नाही असे सीन आधी उरकायला घेतले. गेनबा गेल्याच्या नवव्या दिवशी शेफालीचा फोन आला. बिचारीला शब्द सापडत नव्हते. "काका, कसं विचारू कळत नाही. ते, उद्या, केस... म्हणजे तुमचे अकराच दिवस राहिलेत. काही अडजस्ट होईल का?"

"तुमचे वडील गेले असते तर तुम्ही अडजस्ट केलं असतं का?" बापूरावांनी विचारलं. ती सॉरी म्हणाली. त्यांनी फोन ठेवला. दादांचे शब्द त्यांच्या कानात होतेच. पण ज्याने बापाच्या जागी राहून वाढवलं त्याच्यासाठी एका सिनेमापायी केस द्यायचे नाहीत, हे त्यांच्याच मनाला पटेना. भावकी काय म्हणेल हा भाग वेगळा.

दहाव्याला नदीकाठी न्हाव्यापुढे विश्वजीतनंतर बापूराव बसले. केस गेले, मिशी गेली. पिंड मांडले. आणि कावळा काही शिवेना.

वारज्यात आता इमारती जास्त आणि कावळे कमी, हे खरं. पण तीन कावळे समोरच्या झाडावर बसलेले सगळ्यांना दिसत होते. पाऊण तास गेला. विश्वजीत म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कुणी म्हणालं, बहिणीचं येणं-जाणं राखू. कुणी म्हणालं, वाटणीवरून भांडणार नाही. हे ऐकून भावकीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भटजी घड्याळ बघू लागले. त्यांनी दर्भाचा कावळा करायलाही घेतला. तेव्हा बायकांत बसलेल्या मुक्ताबाई उठल्या आणि सरळ बापूरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, ते तुमास्नी काय म्हनले व्हते? गाडीतनं उतरू नगा म्हनले व्हते ना? मंग?"

बापूरावांचा हात नसलेल्या मिशीकडे गेला. त्यांना रडू आवरेना. पिंडापुढे हात जोडून ते चारचौघांत म्हणाले, "दादा, चुकलं. पिक्चर पुरा करतो. काय बी करावं लागलं तरी करतो."

कावळा आला. त्या शब्दाला आला की भुकेला आला, हे ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवावं. आला, हे मात्र साठ माणसांनी पाहिलं.

तेराव्याचं आटोपल्यावर बापूराव टोपी घालून शेडवर गेले. शेफालीने पाहिलं आणि खुर्चीत बसली. बापूरावांनीच तिची समजूत घातली. म्हणाले, मला वरच्या बाकावर चादर घेऊन निजवा, नुसते पाय दिसू द्या, पण गाडीत ठेवा. दिग्दर्शक चेतन, तिशीचा, दाढी वाढवलेला मुलगा, नखं खात त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला.

"एक आयडिया आहे," तो म्हणाला, "पण काका, तुम्ही मला मारणार नसाल तरच सांगतो."

आयडिया अशी. वऱ्हाडात एक न्हावी आहेच. लग्न लागेपर्यंत हात चालू राहावा म्हणून तो झोपलेल्या प्रवाशांवर सराव करतो. उरलेल्या सीनमध्ये तोंडावर चादर घेऊन झोपलेला तेवीस नंबरचा रुबाबदार प्रवासी सकाळी जागा होतो, सवयीने केसांवरून हात फिरवतो, मिशीला पीळ द्यायला जातो, आणि आरशात बघतो. सगळा डबा हसतो.

शेफाली म्हणाली, "चेतन, प्लीज. त्यांचे भाऊ गेलेत."

"मला कळतंय. म्हणूनच विचारतोय," चेतन म्हणाला.

बापूरावांनी एका दिवसाची मुदत मागितली. हा निर्णय त्यांचा एकट्याचा नव्हता. घरी येऊन त्यांनी मुक्ताबाईंना सगळं सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. सांगून झालं तरी सोलत राहिल्या.

"म्हंजी त्यांच्या नावानं क्येस दिले, त्येच्यावर लोक हसनार."

"व्हय. न्हाई म्हनून सांगू का?"

"लोकांस्नी ठावं असनार का, कशापायी दिले त्ये?"

"त्यास्नी कसं ठावं असंल."

मुक्ताबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "मंग हसू द्या. आवो, ह्ये असते तर ह्यांनीच सुचिवलं असतं. वर न्हाव्याचं काम मला द्या म्हनले असते."

शॉट एकदाच झाला. गड्यांनी डबा हलवला, खिडकीवर पहाटेचा म्हणून पिवळा दिवा सोडला. बापूरावांनी डोळे उघडले. केसांवरून हात फिरवला आणि हात तुळतुळीत डोक्यावरून घसरला. मग मिशी. मग बेसिनवरचा आरसा. चेतनने रडका चेहरा करा म्हणून सांगितलं होतं, पण करावा लागला नाही. आरशात पाहिलं तेव्हा दादा गेल्याचं त्यांना जणू नव्याने कळलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ठरल्याप्रमाणे डबा हसला. चेतन ‘कट’ म्हणायला विसरला. शेफालीने कागदांमागे तोंड लपवलं. दुसरा टेक घेऊ या असं कुणीच म्हणालं नाही.

सिनेमा चार महिन्यांनी लागला. वर्तमानपत्रांनी त्याचे वाभाडे काढले, तेही योग्यच होतं. वर्ष सरायच्या आत विधवा बाईने थेटरात जायचं म्हणजे भावकीला महिनाभराचा विषय. म्हणून रविवारी दुपारी, बँकेत जातो असं सांगून दीर-भावजय बसने गेले. रविवारी बँक उघडी नसते हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. कौसल्याबाईंच्या आलं होतं, पण त्या गप्प राहिल्या.

थेटर भरलेलं होतं. हॉस्टेलची पोरं, त्यातली बरीचशी नागपूरकडची, बकरी दिसल्यापासून खिदळत होती. बापूरावांचं पडद्याकडे फारसं लक्ष नव्हतं. ते लोकांचे आवाज ऐकत होते. मग सकाळ झाली आणि तेवीस नंबरचा प्रवासी जागा झाला.

पहिल्यांदा मागची रांग हसली. मिशीपाशी हात गेला तेव्हा सगळं थेटर हसलं. आरसा आला तेव्हा माणसं खुर्च्यांवरून वाकून वाकून हसू लागली, शेजारचा एक पोरगा डोळे पुसत म्हणाला, "बे, काय रडते हा बुढा!" आणि त्याच्या बोलण्यावर आणखी चार जण हसले. मुक्ताबाईंनी पदराने तोंड दाबून धरलं होतं. त्यांचे खांदे गदगदत होते. बापूरावांनी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या हसत होत्या. पोटातून, दम लागेस्तोवर हसत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ऐका. समदं थेटर."

तो म्हातारा कशासाठी रडतोय हे त्या थेटरात दोघांनाच माहीत होतं, आणि सगळ्यात उशिरापर्यंत हसत राहिली ती हीच दोघं.