काटा खरं सांगत होता

गेल्या शनिवारची गोष्ट. मला सुट्टीच्या दिवशीही प्लांटवर शटडाउन ड्युटी लागली, म्हणून अनुजा, माझी बायको, एकटीच बाबांना घेऊन इथल्या, कुवेतमधल्या शर्कच्या मासळी बाजारात गेली. चिपळूणहून आल्यापासून बाबांचा एकच हट्ट होता, इथली मासळी बघायची.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. रक्तदाबाची गोळी सोडली तर ठणठणीत... म्हणजे होते.

आमच्या गाडीला बारा वर्षं झालीत. गेले दहा दिवस तिचा टेंपरेचरचा काटा नाचत होता... सिग्नलला उभी राहिली की वर, रस्ता मोकळा मिळाला की खाली.

आता मी पडलो रिफायनरीतला इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर. गॅरेजवाल्याला काय विचारायचं? ऑनलाइन मागवलेला स्कॅनर लावला, त्याने सेन्सरच्या बिघाडाचा कोड दाखवला. बॉनेट उघडून कूलंटची बाटली बघितली, ती काठोकाठ भरलेली. बाटली भरलेली आहे, म्हणजे काटाच खोटा! कोड पुसून टाकला, नवा सेन्सर मागवला आणि हात झटकून मोकळा झालो.

बाबा बाजूला उभे होते. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. म्हणाले, "अरे, बाटलीत बघून काय होतंय? इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढ आणि आत बघ." मी हसलो. म्हटलं, बाबा, तुमच्या वेळच्या गाड्या वेगळ्या होत्या. त्यावर "अति शहाणा त्याचा बैल रिकामा" म्हणाले आणि आत निघून गेले.

गंमत बघा... प्लांटमध्ये नव्या पोरांना मीच शिकवतो, की अलार्म खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत तो खराच धरायचा. एक अलार्म बायपास करायला तिथे तीन सह्या लागतात. घरच्या गाडीला मात्र सगळ्या सह्या माझ्याच.

शुक्रवारी अनुजाने मला विचारलं होतं, काटा वर गेला तर काय करू? मी म्हणालो, "काही होत नाही गं, तो खोटं दाखवतोय. बिनधास्त चालव."

येताना सबाह अल-सालेमजवळ पुढे अपघात झाला होता, म्हणून सगळा हायवे तुंबलेला. काटा वर चढला. तिने पाहिला... आणि मी सांगितलं होतं तसंच केलं. थोड्या वेळाने बॉनेटमधून वाफ आली, गाडी बंद पडली आणि एसी गेला. जुलैचे साडेअकरा वाजलेले. इथे राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको.

तिने मला अकरा फोन केले. फोन प्लांटच्या आत नेता येत नाही, तो गेटवरच्या लॉकरमध्ये वाजत राहिला. अँब्युलन्स त्याच ट्रॅफिकमध्ये मागे अडकलेली. अनुजाने बाबांना गाडीच्या सावलीत बसवलं, होतं नव्हतं तेवढं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. बाबांचा घाम थांबला. मग ते असंबद्ध बोलायला लागले, अनुजाला माझ्या आईच्या नावाने हाका मारायला लागले. आईला जाऊन सहा वर्षं झालीत.

शेवटी एका कुवेती बाईंनी गाडी थांबवली. त्यांना आमची भाषा येत नव्हती, अनुजाला अरबी येत नव्हती. पण त्यांनी बाबांना मागच्या सीटवर घेतलं, एसी पूर्ण सोडला आणि कडेच्या पट्ट्यावरून हॉस्पिटल गाठलं. नाव न सांगताच त्या निघून गेल्या. बाई, तुमच्यामुळे माझे वडील आज जिवंत आहेत.

जिवंत आहेत, एवढंच. उष्माघाताने किडन्यांना मार बसलाय, डायलिसिस चालू आहे. डॉक्टर म्हणतात, थांबा, बघू.

आता जे लिहायला मी इथे आलो ते लिहितो.

आयसीयूबाहेर पोचल्यावर मी अनुजाला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "काटा वर गेलेला दिसत होता ना, मग थांबवली का नाहीस?" मग चिपळूणला ताईला फोन केला, तेव्हाही हेच म्हणालो... गाडी तापली तरी चालवत राहिली ती. खोटं नव्हतं. पण अर्धंच सांगितलं आणि उरलेलं गिळलं.

ते अर्धं वाक्य दोन दिवसांत सगळ्या नातेवाइकांत फिरलं. ताईचा व्हॉइस मेसेज अनुजाने माझ्याशेजारी बसून ऐकला... "एवढी शिकलेली तू, तुला साधा काटा कळू नये?" मी तिथेच होतो. एक अक्षर बोललो नाही. लाज वाटते सांगायला.

काल गाडी शुवैखच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या उस्तादने, म्हणजे मेकॅनिकने, थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून दाखवलं, त्याचं रबर फाटलेलं. गरम झालेलं कूलंट बाटलीत जायचं आणि परत रेडिएटरमध्ये यायचंच नाही. बाटली भरलेली, रेडिएटर कोरडा. "काँटा तो सही बता रहा था, साहब," एवढंच म्हणाला तो.

तिथून थेट हॉस्पिटलला गेलो. अनुजा बाबांच्या पायाशी बसली होती, चार रात्री ती नीट झोपलेली नाही. बाबांना थोडं बोलता येतंय. मला बघून हळूच म्हणाले, "पोरीला घरी ने रे. मी तापलो तिच्यामुळे, असं म्हणत रडत असते."

ताई, काका, आत्या... तुम्ही सगळे या ग्रुपवर आहात म्हणून इथेच लिहितोय. बाबांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. अनुजाने विचारलं होतं, तिला मी चालव म्हणालो. यापुढे जे बोलायचं ते मला बोला.

काल रात्री मी तिची माफी मागितली. सकाळी मला न उठवता ती एकटीच परत हॉस्पिटलला गेली.