पद्मिनीचा कार्बोरेटर
पेट्रोलचा वास आला की मला दहिसर नाक्याजवळचं ते गॅरेज आठवतं. माझी पहिली जुनी गाडी, पद्मिनी, सारखी बंद पडायची, तेव्हा तिथले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "मॅडम, इंजिन गेलं हिचं. भंगारात द्या, उगाच जीव लावू नका." मी हट्टाने बाह्या सरसावल्या, त्यांच्याच बाकड्यावर कार्बोरेटर खोलला आणि पेट्रोल जायच्या बारीक भोकात अडकलेला कचरा फुंकून काढला. दुपारी चावी फिरवली, तर इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि चालतच राहिलं. मिस्त्री बराच वेळ कान देऊन उभे होते. मग शेजारच्या गाडीचं बॉनेट उघडून म्हणाले, "जरा हिचं पण ऐका ना, मला काही कळत नाहीये." पुढे मी आणखी तीन जुन्या गाड्या दुरुस्त करून चालत्या केल्या, लोक थांबून फोटो काढतात, पण त्या दुपारसारखं कौतुक अजून कुणी केलेलं नाही.